भाजलेलं चालतंय

"भाजलेलं चालतंय," मामी म्हणाल्या. "शिजवलेलं नाय, तळलेलं नाय. भाजलेलं चालतंय."

मी हातात वाफाळत्या भगरीची वाटी घेऊन त्यांच्यासमोर उभा होतो. भगर मी स्वतः केली होती, आयुष्यात पहिल्यांदा. ती चालेल अशी माझी खात्री होती, कारण अख्ख्या नाशिक जिल्ह्यात उपासाला भगर चालते.

"पण मामी, भगर उपासाचीच असते ना?"

"उपासाची असंल. पण शिजवलीया ना? शिजवलं की ते अन्न झालं. भाजलं की नाय झालं."

"असं कसं?"

"आता रानात पोरं जाळात रताळं टाकत्यात आन खात्यात. घरी येऊन 'जेवलो' म्हंत्यात का?"

मी वाटी घेऊन परत फिरलो आणि ती भगर ओट्याशी उभा राहून मीच खाल्ली. अळणी झाली होती, हे तेव्हा कळलं.

मामी म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्यात सासूला मामीच म्हणतात. सिन्नरच्या पलीकडे एका गावात त्यांची पिठाची गिरणी. सासरे गेले तेव्हा हर्षदा, म्हणजे माझी बायको, नववीत होती. त्यानंतर गिरणी मामींनी एकटीने चालवली, पट्टा तुटला तर स्वतः चढवला, झिजलेल्या दगडाला टाकी लावायला कुणाची वाट पाहिली नाही. ही गोष्ट तेरा वर्षांपूर्वीची, त्या वर्षी कार्तिकात गिरणीच्या पायरीवरून त्यांचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. गावात एकटी बाई एका हाताने करणार काय? लेक एकुलती एक. आम्ही गाडी घेऊन गेलो आणि 'चला' म्हणालो. त्या आल्याही. मात्र येताना अर्धं पोतं रताळी, एक पिशवी शेंगदाणे आणि एक अट घेऊन आल्या.

लेकीला मूल होईपर्यंत लेकीच्या घरी जेवायचं नाही, ही ती अट.

रीत जुनी आहे आणि मला ठाऊक होती. लग्नाला आठ वर्षं झाली होती. तेवढ्या काळात मामी पाच-सहा वेळा आमच्याकडे आल्या असतील, त्याही सकाळच्या एसटीने येऊन संध्याकाळच्या एसटीने परत, आणि फडक्यात स्वतःची भाकरी. त्यामुळे अडलं कधीच नव्हतं. आता सहा आठवड्यांचा प्रश्न होता. मी मनात म्हटलं, दोन दिवस हट्ट चालेल, तिसऱ्या दिवशी पोट हट्ट मोडेल. यावरून मी मामींना किती कमी ओळखत होतो ते दिसतं.

पाणी चालायचं, कारण नळाचं पाणी सरकारचं. दूध चालायचं, कारण ते म्हशीचं. चहा म्हणजे अन्न नव्हे. केळी आणि पेरू देवाने झाडाला लावलेले. शेंगदाणे गावचे. रताळी गावची, पण भाजून. धान्याचा दाणा मात्र कसाही केला तरी अन्नच. मी एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे, नियम पाळणं आणि पाळायला लावणं यावरच माझं पोट आहे, तरी असली नियमावली मी कुठल्या कंपनीत पाहिलेली नाही.

एकदा हर्षदा बाहेर गेलेली असताना मी मामींना सरळच विचारलं. म्हटलं, "मामी, असं उपाशी राहून काय मिळणार आहे?"

त्यांनी दाराकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही याची खात्री केली, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या थोरल्या जाऊबाईनं लेकीकडं म्हयनाभर पाव्हणचार घेतला, नातवंड व्हायच्या आधी. त्या लेकीची कूस अजून उजवली नाय. हर्षीचं तसं व्हायला नको, पाव्हणं. तिच्या भल्यासाठीच करतीया मी."

मी चहा ठेवायला उठलो. कारण मूल होणार नाही, हे आम्हाला श्रावणातच कळलं होतं. चार वर्षांच्या औषधपाण्यानंतर डॉक्टरीणबाईंनी फाइल मिटली होती आणि 'आता शरीराला त्रास देऊ नका' असं म्हणाल्या होत्या. हे आम्ही कुणालाही सांगितलं नव्हतं, मामींना तर नाहीच. त्या नातवंडाची वाट पाहत उपाशी राहत होत्या, आणि ते नातवंड येणार नव्हतं.

हर्षदा आईसमोर एक अक्षर बोलायची नाही. जेवायच्या वेळी ताट वाढून घ्यायची आणि पोळीचा एक घास वाटीत बुडवून नुसती फिरवत बसायची. शेजारच्या खोलीत आई गॅसवर भाजलेलं रताळं डाव्या हाताने सोलत बसलेली असे, वरून कोळसा आणि आतून लगदा. अर्धं खायची, अर्धं बशीत ठेवायची. मग हर्षदाही ताट बाजूला सारायची आणि ऑफिसला जाताना चहात दोन बिस्किटं बुडवून खायची. एका घरात दोन बायका उपाशी आणि मी मधे पोळीभाजी हाणतोय, असं ते चित्र होतं. मला तर घास घशाखाली उतरवायचीही लाज वाटायला लागली.

नवव्या दिवशी एक्स-रेच्या रांगेत मामींना भोवळ आली. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि माझ्यावरच डाफरले.

"यांना खायला घालता की नाही? हाडाला काय हवेवर जुळायला सांगता? दोन आठवड्यांनी पुन्हा आणा. तोवर वजन वाढलं पाहिजे."

"खातात हो त्या," मी म्हणालो. "रताळी."

"मग पोटभर रताळी घाला!" डॉक्टर म्हणाले, आणि पुढचा नंबर पुकारला.

घरी येताना गाडी मी चालवत होतो. हर्षदा खिडकीबाहेर बघत होती. मागच्या सीटवरून मामी म्हणाल्या, "डाक्टर तापट दिसतोय. पित्त असंल त्याला." मी स्टिअरिंगवर कपाळ आपटायचं तेवढं बाकी ठेवलं.

त्या संध्याकाळी हर्षदाने इंटरनेटवर एक फोटो दाखवला. रताळ्याचे लांब लांब काप, सोनेरी, कुरकुरीत, आणि तेलात न तळता ओव्हनमध्ये भाजलेले.

"हे भाजलेलं आहे ना?" ती म्हणाली. "आणि खायला बरं लागेल. करशील?"

"मी?"

"मी केलं की आईला लेकीच्या हातचं वाटेल. तुझ्या हातचं तिला नाकारता येणार नाही. जावई आहेस."

दोन दिवाळ्यांपूर्वी आम्ही एक ओव्हन घेतला होता. त्यात एकदा केक झाला होता, आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यावर पापडांचा डबा राहत होता. तो खाली उतरवला. मामी स्टूल ओढून स्वयंपाकघरात येऊन बसल्या. प्लास्टरचा हात मांडीवर, पदर डोक्यावर, आणि नजर माझ्या सुरीवर.

"तेल लागेल थोडं, मामी. चालेल?"

त्यांनी विचार केला. "बोट चालंल."

"बोट म्हणजे किती?"

"बोट म्हंजी बोट."

मी एक चमचा तेल घेतलं आणि पट्टी लावून काप केले. प्रत्येक काप सारखा, अर्ध्या इंचाहून केसभर कमी. रताळी लाल सालीची, आतून पांढरी, आणि दगडासारखी घट्ट. पाऊण तास सुरीशी झटापट केली. तेल चोळलं, मीठ चोळलं, ताटलीत ढीग घातला आणि ओव्हनमध्ये सरकवला. अर्ध्या तासाने जे बाहेर आलं ते हलव्याच्या अलीकडचं काहीतरी होतं. काप उचलायला गेलो तर मधेच मोडून लोंबकळला.

मामींनी एक खाल्ला. "छान झाल्यात पाव्हणं काड्या," त्या म्हणाल्या, आणि बशी हळूच बाजूला सरकवली.

हीच तर पंचाईत होती. जावयाच्या हातचं वाईट म्हणायचं नाही, हाही त्यांचा एक नियम. 'वाईट' म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान काय चुकलं ते कळलं असतं. तोंडाने 'छान' म्हणायचं आणि बशी भरलेली परत द्यायची, याला काय म्हणावं?

दुसऱ्या दिवशी आच वाढवली. कापांची टोकं काळी आणि पोट कच्चं. "छान झाल्यात." तिसऱ्या दिवशी बारीक कापले. ते एकमेकांना चिकटून त्यांची गोधडी झाली. "छान." चौथ्या दिवशी कंपनीत माझ्या हातून तपासणीचा एक चुकीचा कागद सही होऊन गेला, साहेबांनी बोलावून झापलं, आणि मी त्यांच्यासमोर उभा राहून विचार करत होतो की मीठ आधी घातल्यामुळे पाणी सुटत असेल का.

शेवटी कँटीनच्या नामदेव आचाऱ्याला गाठलं. त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"साहेब, कापून गार पाण्यात टाकायचं. तासभर. त्याचा चीक जाऊ द्यायचा. मग फडक्याने कोरडं करायचं, अगदी कोरडं, लेकराला न्हाऊ घातल्यावर पुसतात तसं. मग ते मंचुरियनचं पीठ असतं ना पांढरं, कॉर्नफ्लोअर, ते दोन चमचे भुरभुरायचं. मग तेल. ताटलीत गर्दी करायची नाही, एकेक काप सुटा. आणि मीठ शेवटी. आधी मीठ घातलं की बोंबललं."

"मीठ आधी घातलं होतं."

"मग बोंबललंच," नामदेव म्हणाला.

मंचुरियनचं पीठ घरात होतं. हर्षदाने कधीतरी आणून निळ्या झाकणाच्या डब्यात भरून ठेवलं होतं. पांढरंशुभ्र, वास नाही, चव नाही, चिमटीत धरलं की करकर वाजायचं. मला ते खाण्याच्या सोड्यासारखंच काहीतरी वाटत आलं होतं. नामदेवने सांगितलं तसं सगळं केलं. मामी नेहमीप्रमाणे स्टुलावर. मी निळं झाकण उघडलं, दोन चमचे पीठ भुरभुरलं, काप झटकले, तेल चोळलं, एकेक सुटा मांडला. अर्धा वेळ झाल्यावर उलटले. शेवटची पाच मिनिटं ओव्हनचं दार बोटभर उघडं ठेवलं. बाहेर काढल्यावर मीठ आणि जिरेपूड.

कापांचा आवाज आला. खरंच सांगतो, ताटलीत हलवले तेव्हा ते खुळखुळले.

मामींनी एक उचलला. तोंडात टाकायच्या आधी अंगठ्याने आणि बोटाने चोळून पाहिला. मग वास घेतला. मग माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मला वाटलं आता काहीतरी नवं कलम निघणार.

"काय झालं?" मी म्हणालो.

"काय नाय," मामी म्हणाल्या, आणि काप तोंडात टाकला. मग दुसरा. मग बशी मांडीवर घेतली आणि संपवली. सगळी. वर म्हणाल्या, "आणीक हायेत का?"

हर्षदा दारात उभी होती. तिने आपलं ताट वाढून घेतलं, आईशेजारी जमिनीवर येऊन बसली आणि दोन पोळ्या खाल्ल्या. दोन! मी ताटली घासताना शीळ घालत होतो.

मग रोज तेच. संध्याकाळी कंपनीतून आलो की शर्ट बदलायच्या आधी रताळी पाण्यात. सकाळची खेप मी उठून सहाला करायचो. चिकाने बोटं काळपट पडली, मनगट दुखायला लागलं, ओव्हनपुढे उभं राहून चेहरा भाजला. पण मामी दोन्ही वेळा बशीभर खायच्या, वर दूध प्यायच्या, शेंगदाणे खायच्या. हर्षदा त्यांच्याशेजारी बसून जेवायची. गालाला जरा रंग आला, आईच्याही आणि लेकीच्याही. पोतं संपलं तर मी गावच्या एसटीने दुसरं मागवलं.

मामी आता मला शिकवायलाही लागल्या होत्या. "पाव्हणं, पीठ जरा हात राखून टाका, पापुद्रा धरतोय." मी टाकायचो. "आज गर्दी झाली ताटलीत." मी सुटं करायचो. आमच्या घरातल्या कणकेचीही त्यांनी चिमूट घेऊन परीक्षा केली होती. "हे पीठ करपलंय. दगड तापल्याला व्हता तुमच्या गिरणीवाल्याचा. आन दळून वीस दिस झालं." मी गिरणीची पावती काढून बघितली. एकोणीस दिवस झाले होते.

अकराव्या दिवशी, संध्याकाळी, हर्षदा लवकर घरी आली. मामी शेजारच्या काकूंकडे गेल्या होत्या. मी डबा उघडून पीठ भुरभुरत होतो आणि ती पाणी पिता पिता थांबली.

"हे काय घालतोयस?"

"कॉर्नफ्लोअर. यानेच तर कुरकुरीत होतात."

"रोज घालतोस?"

"रोज. का?"

तिने पेला ओट्यावर ठेवला. "अरे धनंजय, कॉर्न म्हणजे काय?"

"कॉर्न म्हणजे..." मी म्हणालो, आणि पुढचं तोंडातच राहिलं.

"मका! मका, मका! मक्याचं पीठ आहे ते. धान्य आहे! अकरा दिवस तू माझ्या आईला धान्य खायला घालतोयस!"

"मला वाटलं ते खाण्याच्या सोड्यासारखं..."

"सोड्यासारखं? इंजिनिअर ना तू?"

"डिप्लोमा," मी म्हणालो. का म्हणालो कोण जाणे.

ती खुर्चीत बसली आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. मी तिच्यासमोर पांढऱ्या हातांनी उभा. ती रडत रडत बोलत होती, आणि तिचा एकेक शब्द मला लागत होता. आई आयुष्यभर हेच धरून बसेल, ती म्हणाली. मूल होणार नाही हे तिला कधी ना कधी कळणारच आहे. कळेल तेव्हा ती म्हणेल, मी लेकीच्या घरी जेवले म्हणून झालं. जावयाने मका चारला म्हणून झालं. स्वतःला फाडून खाईल ती.

"मग सांगायचंच नाही," मी म्हणालो. "आजपासून पीठ बंद. विषय संपला."

"आणि आणखी एक लपवायचं? आधीचं एक लपवतोय ते कमी आहे?" तिने डोळे पुसले. "तू सांग. उद्या सकाळी. चूक तुझी आहे, तूच सांग."

त्या संध्याकाळी मी पीठ न लावता काप केले. मऊ पडले. मामींनी दोन खाल्ले, बशीकडे पाहिलं, हर्षदाच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "छान झाल्यात," त्या म्हणाल्या. अकरा दिवसांनी पुन्हा ते 'छान' ऐकलं आणि मी बशी उचलून आत नेली.

सकाळी सहाला मी स्वयंपाकघरात गेलो तर मामी आधीच स्टुलावर बसल्या होत्या. अंघोळ झालेली, कपाळाला बुक्का. डाव्या हाताने एक रताळं धुऊन ठेवलं होतं. मी वाक्य पाठ करून गेलो होतो. 'मामी, माझ्याकडून एक चूक झाली आहे.' एवढं म्हणायचं आणि मग जे होईल ते होईल.

"मामी," मी म्हणालो, "माझ्याकडून एक..."

"आज एकादस हाय," मामी म्हणाल्या.

"हो का? बरं. मला एक सांगायचं होतं, माझ्याकडून..."

"मग आज त्या निळ्या झाकणाच्या डब्यातलं पीठ लावू नका. आज खरा उपास हाय."

माझं पाठ केलेलं वाक्य कुठे गेलं मला कळलं नाही. ओव्हनच्या बटणावर हात होता तो तसाच राहिला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मक्याचं पीठ हाय त्ये. बत्तीस वर्सं गिरणी चालवली मी, पाव्हणं. गव्हाच्या पिठात मूठभर नाचणी मिसळली तरी हाताला कळती. ह्ये तर तुम्ही माझ्या म्होरं डबा उघडून टाकीत व्हता."

"मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही कुठं सांगितलं?"

मला राग आला. खरंच आला, आणि गेल्या तीन आठवड्यांचा सगळा एकदम आला. "मामी, मी रोज सकाळी सहाला उठतोय! रात्रीची माझी बोटं वळत नाहीत! हर्षदा काल दोन तास रडली! आणि तुम्हाला जर चालतच होतं, तर सरळ ताटावर बसून पोळी का नाही खाल्लीत?"

"माझ्या हातानं मोडवंना," मामी म्हणाल्या.

त्यांनी धुतलेलं रताळं मांडीवरच्या प्लास्टरवर ठेवलं, आणि ते घरंगळू नये म्हणून डाव्या हाताने धरून राहिल्या.

"माझ्या आईनं पाळलं, सासूनं पाळलं. मी कसं मोडावं? त्या दिशी तुम्ही आणल्याली काडी हातात घेतली आन कळलं मला, मका हाय. ठेवून देणार व्हते. पण हर्षी दारात हुबी व्हती. मी खाती का नाय ते बघत. बारा-तेरा दिस झालं, पोरगी बिस्किटावर जगत व्हती. मला काय दिसत नव्हतं व्हय? म्हनलं, जावयानं चुकून चारलं. चुकीला दोष नाय. देवानं इचारलं तर तुमचं नाव सांगीन."

"माझं?"

"मंग कुणाचं?"

मी बोलायला तोंड उघडलं, कारण आता दुसरंही सांगणं भाग होतं. "मामी, ते तुम्ही म्हणाला होता ना, तिची कूस... डॉक्टरांनी..."

"म्हाईत हाय."

"कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला पाह्यजे? दर आठ दिसाला फोन करायची हर्षी. आई, अमक्या देवाला काय बोलू, तमक्याला नारळ कधी वाहू. आठ वर्सं इचारीत व्हती. नागपंचीच्या नंतर इचारायची बंद झाली. एकदम बंद. तवाच समजले मी."

"मग तरीही तुम्ही उपाशी राहिलात? कळलेलं असून?"

"मी जेवाय बसले असते तर तिला काय वाटलं असतं? आईनं आशा सोडली, आसंच ना? ती मला सांगत नव्हती, मंग मी तिच्या म्होरं आशा कशी सोडू?"

मी ओव्हनला टेकून उभा राहिलो. तीन माणसांचं घर, आणि दोघी एकमेकींच्या मनाला लागू नये म्हणून उपाशी. माझा संताप कुणावर काढावा हेच मला समजेना.

तेवढ्यात हर्षदा आली. मी सांगून टाकलं असणार, असं समजून आली होती, त्यामुळे दारातच थबकली. आईचा चेहरा शांत होता आणि माझा नव्हता. तिला काही उमगेना.

"हर्षे," मामी म्हणाल्या, "उद्या बारस. उपास सोडाय भाकरी लागंल. बाजरीची टाकशील का?"

"कुणाला?"

"मला. आन कुणाला?"

हर्षदा आईकडे बघत राहिली. माझ्याकडे वळली, मी मान हलवली, पण त्या मान हलवण्यातून तिला काय कळणार होतं? ती तिथेच आईच्या स्टुलापाशी खाली बसली.

"आई," ती म्हणाली, "मला मूल होणार नाही."

"हां," मामी म्हणाल्या, आणि डावा हात तिच्या केसांवर ठेवला. रताळं मांडीवरून घरंगळलं, फरशीवर पडलं आणि ओट्याखाली गेलं. मी ते काढायला वाकलो, आणि वाकल्यावर बराच वेळ तिथेच राहिलो, कारण वर येऊन त्या दोघींकडे बघायचा मला धीर नव्हता.

"पिठलं कर संगं," मामींचा आवाज आला. "मीठ बेतानं टाक. तुझा हात खारट हाय, ल्हानपणापास्नं."

बारशीला सकाळी हर्षदाने बाजरीची भाकरी थापली. मामींनी आधी पिठाची चिमूट घेतली, चोळली, "बरं हाय" म्हणाल्या. जमिनीवर तीन ताटं मांडली. आठ वर्षांत पहिल्यांदा माझ्या सासूबाई माझ्या घरी ताटावर बसल्या. भाकरीचा पहिला तुकडा मोडताना त्यांनी डोळे मिटले आणि ओठ हलवले. माझं नाव सांगत असणार देवाला. मग पिठल्यात बुडवून खाल्ला. हर्षदा स्वतःच्या ताटाकडे न बघता आईच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "जेव की," मामी म्हणाल्या. "का आता तुला बी चारू?"

मी मात्र त्या दिवशी पहाटे पाचला उठलो होतो. रताळी तासभर पाण्यात ठेवली होती, फडक्याने कोरडी केली होती, निळ्या झाकणाच्या डब्यातलं पीठ उघड उघड लावलं होतं, एकेक काप सुटा मांडला होता. आजवरची सगळ्यात चांगली खेप होती ती. सोनेरी, ताठ, ताटलीत खुळखुळणारी. गरम गरम घेऊन आलो आणि मामींच्या ताटाशी वाकलो.

मामींनी ताटावर आडवा हात धरला.

"नगं, पाव्हणं."

"का? आज तर बारस आहे. आज काहीही चालतं."

"चालतंय. पण आता भाकरी हाय ना." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि जावयाला वाईट बोलायचं नाही हा नियम त्या दिवशी पहिल्यांदा मोडला. "खरं सांगू का? रताळं मला जल्मात कधी आवडलं नाय."

हर्षदा हसता हसता ठसकली. मी ताटली घेऊन उठलो, स्वयंपाकघरात गेलो आणि ओट्याशी उभं राहून सगळे काप एकट्याने खाल्ले. काय सुरेख कुरकुरीत झाले होते, आणि भाकरी-पिठलं सोडून ते ऐकायला दोघींपैकी कुणीच येणार नव्हतं.